उसना पिचर

"विचार त्याला, तीन टीम्सनी त्याला का काढलं?"

एवढं बोलून ट्रेव्हर खुर्चीत मागे रेलला. समोरच्या मोठ्या स्क्रीनच्या एका भागात तानिमोरीचे तीन फोटो होते, तीन वेगवेगळ्या जर्सींमधले. दुसऱ्या भागात खुद्द तानिमोरी व्हिडिओ कॉलवर होता, कोट-टाय घालून, जपानमधल्या त्याच्या कंपनीच्या मीटिंग रूममध्ये. त्याला इंग्रजी येत नव्हतं. आपल्याबद्दल काहीतरी चाललंय एवढं त्याला कळत होतं, म्हणून तो अदबीने मान हलवत होता. शेजारी त्याच्या टीमचे मॅनेजर बसले होते. आणि ह्या दोन टोकांच्या मध्ये मी, इंटरप्रिटर.

इंटरप्रिटर म्हणजे दुभाषी. आमच्या कामाचा नियम साधा आहे. एक जण जे बोलेल ते दुसऱ्याच्या भाषेत सांगायचं. गाळायचं नाही, घालायचं नाही, गोड करायचं नाही. तो 'मी' म्हणाला तर आपणही 'मी'च म्हणायचं. स्वतःचं काही सांगायचं असलं, तर आधी "इंटरप्रिटर स्पीकिंग" असं जाहीर करायचं. हे फार वेळा करायचं नाही, कारण भाड्याने आणलेल्या लाउडस्पीकरने मध्येच स्वतःचं मत दिलेलं कुणाला आवडत नाही.

तेव्हा मी तो प्रश्न जपानीत विचारला. विचारताना माझे कान तापले होते. प्रश्न मुळातच चुकीचा होता, आणि तो चुकीचा आहे हे मी ऑगस्टपासून घसा कोरडा करून सांगत होते.

मी मूळची पुण्याची. आमच्या भागात पिठाची गिरणी एक होती आणि जपानीचे क्लास दोन. नुसतं बी. कॉम. करून काय दिवे लावणार, असं आईचं म्हणणं पडलं, म्हणून मी जपानीच्या परीक्षा देत गेले. पुढे नवऱ्याला, श्रीरंगला, मिशिगनमध्ये नोव्हायला नोकरी लागली आणि आम्ही इकडे आलो. नोव्हायला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या जपानी कंपन्या पोत्याने आहेत. किराणा आणायला गेलं तर एका रांगेत मराठी ऐकू येतं, शेजारच्या रांगेत जपानी. ब्रेकचा आवाज का येतो आणि तो कुणामुळे येतो, ह्या विषयावरच्या भांडणांचं भाषांतर करण्यात माझी बरीच वर्षं गेली.

मग एजन्सीचा फोन आला. मिडवेस्टमधल्या एका व्यावसायिक बेसबॉल क्लबला जपानीचं माणूस हवं होतं. क्लबचं नाव सांगत नाही, सही करून बसले आहे. जपानमधला अख्खा सीझन बघायचा, तिथल्या बातम्या, मुलाखती, कॉमेंटरी इंग्रजीत आणायची, आणि कुणी चांगला खेळाडू मिळतोय असं वाटलं तर बोलणी चालू असताना मध्ये बसायचं, असं काम. एजन्सीच्या बाईने विचारलं, बेसबॉल कळतं का. मी म्हटलं, नवरा दर शनिवारी क्रिकेट खेळतो. ती म्हणाली, परफेक्ट.

मंडळाच्या गणपतीत ही बातमी फुटली. एका काकूंनी मला बाजूला घेऊन विचारलं, म्हणजे तू त्यांना बॉल आणून देतेस का गं? एका काकांनी बेसबॉल म्हणजे शेवटी आपला विटीदांडूच, ह्या विषयावर आरती सुरू होईपर्यंत भाषण दिलं. माझी मुलगी इरा इथेच जन्मलेली. तिने फक्त एवढंच विचारलं, "आई, डू यू इव्हन नो द रूल्स?" मला रूल्स येत नव्हते. मग तिनेच डायनिंग टेबलवर मैदान मांडून दाखवलं. मीठ, तिखट आणि मसाल्याचा डबा कोपऱ्यांवर, आणि मधोमध लोणच्याची बरणी. बरणी म्हणजे पिचर, बॉल टाकणारा. सगळा खेळ त्याच्यावर. हे डोक्यात पक्कं बसलं.

जपानमध्ये संध्याकाळी मॅच सुरू होते तेव्हा आमच्याकडे पहाट असते. वसंतापासून शरदापर्यंत मी चहाचा कप घेऊन रोज पहाटे लॅपटॉपसमोर बसले. एका बाजूला त्यांचे व्यावसायिक क्लब, ढोल आणि ट्रम्पेट वाजवणारे प्रेक्षक, प्रत्येक बॅट्समनचं वेगळं गाणं. दुसऱ्या बाजूला हौशी बेसबॉल. आणि हौशी म्हणजे आपल्यासारखं शनिवारी खेळून रविवारी कंबर धरून बसणं नव्हे. शाळांची उन्हाळी स्पर्धा तर सगळा देश कामं सोडून बघतो. हरलेली पोरं रडत रडत मैदानातली माती पिशवीत भरून घरी नेतात. मी ते रिपोर्टमध्ये लिहिलं. त्यावर ट्रेव्हरचा प्रश्न आला, ग्राउंड सांभाळणारे काही बोलत नाहीत का?

आता ट्रेव्हर कोण ते सांगते. तो आमच्या विभागाचा बॉस. वय चाळिशीच्या आतलं, वर्षभर अंगात बिनबाह्यांचं जाकीट. आम्ही पुण्यात त्याला बंडी म्हणतो, पण ह्या बंडीवर क्लबचा लोगो असतो. स्वतः कधी खेळलेला नाही. तरी केबिनच्या भिंतीवर त्याच्या नावाच्या तीन जर्सी, काचेच्या फ्रेममध्ये. ह्याआधी ज्या तीन क्लबांत नोकरी केली, त्यांनी जाताना दिलेल्या भेटी. त्याची खुर्ची बरोबर त्यांच्यासमोर, म्हणजे कॅमेऱ्यात त्या दिसायलाच हव्यात.

ट्रेव्हरला जपानी बेसबॉलमधलं काहीच पटायचं नाही. तिथे बारा इनिंग्जनंतर बरोबरी असली तर मॅच तशीच संपते. "मग जिंकलं कोण?" कुणी नाही. "मग ते घरी कसे जातात?" ट्रेनने. हा संवाद आमच्यात दोनदा झाला. तिथे बॅट्समन मुद्दाम हळूच बॉल ढकलतो, स्वतः आऊट होतो आणि धावणाऱ्या साथीदाराला पुढे सरकवतो. ट्रेव्हरच्या ऑफिसात ही सरळसरळ मूर्खपणाची खूण समजली जायची. स्वतः आऊट होऊन दुसऱ्याचं भलं करणारा माणूस त्या ऑफिसात मीही पाहिला नाही.

तर ह्या हौशी बेसबॉलमध्ये कंपन्यांच्या टीम्स असतात. मोठमोठ्या कारखान्यांच्या, तेलाच्या, गॅसच्या, कागदाच्या. खेळाडू कंपनीचा पगारी नोकर. सकाळी टेबलावर काम, दुपारी सराव. खेळ थांबला की त्याच कंपनीत रिटायर होईपर्यंत नोकरी. तानिमोरी असाच. पंचविशीचा, डावखुरा, एका यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत सकाळी पार्ट्सच्या ऑर्डरी बघायचा आणि दुपारनंतर असा बॉल टाकायचा की आमच्या ऑफिसातली ॲनालिस्ट पोरं व्हिडिओ थांबवून थांबवून बघायची.

ह्या कंपन्यांची उन्हाळ्यात मोठी स्पर्धा असते. आधी आपापल्या विभागात खेळायचं, त्यातून जिंकलेली टीम मोठ्या मैदानात जाणार. आणि इथे एक रीत आहे, जी जगात दुसरीकडे मी तरी ऐकलेली नाही. जिंकलेल्या टीमला त्याच विभागात हरलेल्या टीम्समधले दोन-तीन चांगले खेळाडू त्या स्पर्धेपुरते मागून नेता येतात. कालपर्यंत ज्यांच्याशी भांडले, त्यांचीच जर्सी घालून हे खेळतात. बाहीवर आपल्या मूळ कंपनीचा छोटा बिल्ला शिवलेला असतो. स्पर्धा संपली की जर्सी परत आणि माणूस परत. थोडक्यात, खेळाडू उसना आणायचा.

उसना कोणाला आणतात? जो सगळ्यात चांगला त्याला. नोव्हायमध्ये गणपतीत उकडीच्या मोदकांसाठी आमच्या एका मावशींना चार घरं आधीपासून सांगून ठेवतात. त्या मावशींना स्वतःच्या घरून हाकललंय म्हणून त्या लोकांकडे मोदक करत फिरतात, असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. तानिमोरीची कंपनी दोन वर्षं लागोपाठ विभागात हरली. दोन्ही वर्षी जिंकलेल्या टीमने, पहिल्या वर्षी एकीने आणि दुसऱ्या वर्षी दुसरीने, त्याला मागून नेलं. म्हणून तीन जर्सी.

आमच्या क्लबच्या सॉफ्टवेअरला हे माहीत नव्हतं. त्यात खेळाडूने टीम बदलली की कारण निवडायचं, आणि कारणं दोनच. एक ट्रेड, म्हणजे क्लबांनी आपसात केलेली अदलाबदल. दुसरं रिलीज, म्हणजे काढून टाकलं. डेटा भरणाऱ्या कुणीतरी तानिमोरीच्या नावावर रिलीज, रिलीज असं ठोकून दिलं होतं. लगेच त्याच्या नावासमोर लाल खूण आली आणि खाली वाक्य उमटलं, की हा खेळाडू कुठे टिकत नाही. काढून टाकलेल्या माणसाला मूळ कंपनीने दोन्ही वेळा परत कसं घेतलं, हा प्रश्न सॉफ्टवेअरला पडला नाही. ट्रेव्हरलाही पडला नाही.

मी ऑगस्टमध्ये ट्रेव्हरला ईमेल केला, सगळी रीत समजावून. उत्तर आलं, "ग्रेट कॉन्टेक्स्ट! प्लीज रेज अ टिकेट." टिकेट म्हणजे सॉफ्टवेअरवाल्यांकडे केलेली रीतसर तक्रार. मी ती केली. ती गेली नॉर्थ कॅरोलायनात मॉरिसव्हिलला, आणि तिथे ती ज्याच्या टेबलावर पडली तो निघाला अमेय, नागपूरचा. आडनाव बघून त्यानेच फोन केला. मला फार आनंद झाला. म्हटलं, आता काम झालंच.

मी त्याला म्हटलं, अरे बाबा, 'उसना' असा एक तिसरा पर्याय टाक की त्यात. इंग्रजीत लोन म्हण.

"ताई, पर्याय टाकायला मला चहा होईपर्यंतचा वेळ लागतो," अमेय म्हणाला. "टाक म्हणून सांगणारा शोधायला क्वार्टर जातो."

सांगणारा कोण, तर क्लबचा माणूस. क्लबचा माणूस कोण, तर ट्रेव्हर. ट्रेव्हरने अप्रूव्ह करायचं, ते अमेयच्या मॅनेजरने बघायचं, मग ते पुढच्या यादीत जायचं. मी ट्रेव्हरला आठवण केली. तो म्हणाला, एका खेळाडूसाठी आपण सिस्टिम बदलत नाही. अमेय बिचारा दर आठवड्याला मला फोन करून अजून काही झालं नाही हे सांगायचा, आणि मग त्याच्या ग्रीन कार्डचंही काही झालं नाही हे सांगायचा.

इकडे तानिमोरीचं काय पणाला लागलं होतं तेही सांगायला हवं. जपानमध्ये दर शरदात ड्राफ्ट होतो. व्यावसायिक क्लब एका दिवशी बसून पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात. तानिमोरीवर दोन-तीन क्लबांचा डोळा होता. पण जुलैमध्ये ट्रेव्हरने त्याला निरोप पाठवला होता, आम्ही तुझ्याबाबतीत अतिशय सीरियस आहोत. हे शब्द मीच जपानीत पोचवले होते. त्या पोराने ते खरे मानले. त्याने जपानी क्लबांना कळवून टाकलं, माझं नाव घेऊ नका, मी अमेरिकेला जाणार. कंपनीलाही सांगितलं. तिथे कंपनीला असं सांगणं म्हणजे घर सोडून चाललो म्हणण्यासारखंच आहे. आता ड्राफ्ट तोंडावर आला होता. अमेरिका नाही म्हणाली आणि ते वेळेत कळलं, तर निदान जपानमधली दारं पुन्हा ठोठावता येतील. पुढच्या वर्षी तो आणखी एका वर्षाने म्हातारा होणार, आणि त्या धंद्यात पंचविशीचा पिचर आधीच काका असतो. कंपनीने त्याला सकाळ-दुपार दोन्ही वेळ ऑर्डरींच्या टेबलावर बसवलं असतं.

म्हणजे ही मुलाखत ही त्याची शेवटची संधी होती. आणि तिची सुरुवात झाली ती, तुला का काढलं, अशी.

तानिमोरीने प्रश्न ऐकला. तो उभा राहिला, वाकला, पुन्हा बसला. म्हणाला, "आमची टीम विभागात हरली ती मी कमी पडलो म्हणून. दुसऱ्या कंपन्यांनी मला सांभाळून घेतलं. मी त्यांच्या फारसा उपयोगी पडलो नाही."

मोठ्यांसमोर जपानी माणूस स्वतःबद्दल असंच बोलतो. आपल्याकडेही चांगला गवय्या म्हणतो की, छे, आज आवाज लागलाच नाही. पण माझा नियम मला माहीत होता. मी शब्दाला शब्द सांगितलं. ट्रेव्हरने समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि मला दिसलं काय लिहिलं ते. परफॉर्मन्स इश्यू, कबूल करतो.

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "इंटरप्रिटर स्पीकिंग." आणि ऑगस्टमधला ईमेल तोंडी म्हणून दाखवला. ह्याला काढलेलं नाही, मागून नेलेलं आहे. फोटोत बाहीवर बघा, मूळ कंपनीचा बिल्ला आहे. चांगल्यातल्या चांगल्यालाच मागणी येते.

ट्रेव्हरने पूर्ण ऐकून घेतलं. ऐकून घेण्याचं त्याने ट्रेनिंग घेतलेलं आहे. मग म्हणाला, "मेधा, आय रिअली ॲप्रिशिएट द पॅशन. पण आपण डेटावर चालतो."

केबिनमध्ये तिसरी व्यक्ती होती मेगन, ट्रेव्हरची असिस्टंट. तिने फोटोतल्या बाहीकडे निरखून बघितलं आणि ट्रेव्हरकडे बघितलं.

आमच्यात काय चाललंय हे पलीकडच्या दोघांना सांगणं भाग होतं. इंटरप्रिटर स्वतः काही बोलली तर तेही दुसऱ्या बाजूला सांगायचं, हाही नियमच आहे. मी सांगितलं. मी काय म्हणाले ते आणि ट्रेव्हर काय म्हणाला ते. डेटावर चालतो, हेही.

आतापर्यंत मॅनेजर गप्प होते. तिथे त्यांना कांतोकु म्हणतात, आपण सर म्हणतो तसं. साठीच्या आसपासचे, उन्हाने रापलेले, पाठ ताठ. त्यांनी हात किंचित वर केला आणि विचारलं, "ट्रेव्हर-सान, आपल्या मागे तीन जर्सी दिसतात. आपणही तीन ठिकाणी होतात का?"

मी हे इंग्रजीत सांगितल्याबरोबर ट्रेव्हर खुलला. खुर्ची थोडी बाजूला घेतली, जर्सी नीट दिसाव्यात म्हणून. म्हणाला, हो, तीन वेगवेगळे क्लब, आणि हा चौथा.

कांतोकु खुर्चीतच वाकले. म्हणाले, "म्हणजे आपल्याला तीनदा मागणी आली. आमच्या तानिमोरीला दोनदाच आली आहे, तो अजून लहान आहे. आपल्यासारख्या मोठ्या माणसासमोर बसायला मिळालं, हे त्याचं भाग्य."

तानिमोरीही वाकला.

मी भाषांतर केलं. एक शब्द गाळला नाही, एक घातला नाही. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात चोख भाषांतर असेल. मेगनचं डोकं हळूहळू लॅपटॉपच्या मागे गेलं आणि तिथेच राहिलं.

"थँक यू," ट्रेव्हर म्हणाला. "दॅट्स व्हेरी काइंड."

मी थांबले. आता ह्याच्या डोक्यात प्रकाश पडेल म्हणून वाट बघितली. तो मागे वळून जर्सींकडे बघून हसला आणि पुढच्या प्रश्नावर गेला. प्रश्न होता, तू डिसिप्लिन कशी राखतोस.

बाकी मुलाखत सुरळीत झाली. शेवटी ट्रेव्हर उठता उठता म्हणाला, "ग्रेट टॉकिंग. वी विल बी इन टच."

जपानी लोक स्पष्ट नाही म्हणत नाहीत, घोळवतात, असं अमेरिकेतल्या प्रत्येक मीटिंगमध्ये मला ऐकवलं जातं. ज्यांनी हे ऐकवलं त्या सगळ्यांनी कधी ना कधी 'वी विल बी इन टच' म्हटलेलं आहे. तानिमोरीने ते खरं मानलं असतं. जुलैतलं सीरियस मानलं तसंच. ड्राफ्टचा दिवस जाईपर्यंत तो फोनजवळ बसून राहिला असता.

मी पुन्हा म्हटलं, "इंटरप्रिटर स्पीकिंग. पुढच्या आठवड्यात त्यांचा ड्राफ्ट आहे. त्याआधी कळवाल का? तारीख सांगता येईल?"

"नो डेट्स," ट्रेव्हर दारातून म्हणाला. "जस्ट से सून."

मी दोन्ही सांगितलं. लवकर कळवू असं म्हणाले. तारीख विचारली, तारीख नाही असंही म्हणाले. बोललं गेलं ते सगळं सांगायचं, ह्यात कुणी माझी चूक काढू शकत नव्हतं. कांतोकु क्षणभर स्क्रीनकडे, म्हणजे माझ्याकडे, बघत राहिले. मग म्हणाले, "समजलं. मेधा-सान, त्रास दिला." आणि कॉल संपला.

त्यांना जे समजायचं ते समजलं होतं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी जपानी क्लबांना स्वतः फोन केले, की आमचा मुलगा जपानमध्येच खेळेल, घेणार असाल तर घ्या. आधी नाही म्हटल्याबद्दल त्या पोरासाठी हे स्वतः सगळ्यांची माफी मागत फिरले. मला हे तिथल्या बातम्यांतून कळलं. एका क्लबने म्हणे फोनवर सुनावलंही.

ड्राफ्टच्या पहाटे मी चहा गार होऊ दिला. पहिल्या फेरीत त्याचं नाव नाही. दुसऱ्या फेरीत नाही. कॅमेरा अधूनमधून त्याच्या कंपनीच्या मीटिंग रूममध्ये जायचा. तीच खोली, तोच टाय, शेजारी कांतोकु, मागे ऑर्डरी विभागातले सहकारी. श्रीरंग उठून आला आणि काही न विचारता शेजारी बसला. फेऱ्या संपत आल्या, एकेक क्लब आता पुरे म्हणून निवड थांबवायला लागला, आणि मला वाटलं, गेलं. मी पोचवलेल्या एका शब्दावर भरवसा ठेवून हा मुलगा बुडाला. मग अगदी शेवटाकडे एका क्लबने तानिमोरीचं नाव घेतलं. तो उभा राहिला आणि वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला. मला रडू आलं. ब्रेकच्या आवाजावर एवढी वर्षं काम केलं, पण कधी रडू आलं नव्हतं.

ट्रेव्हरचा निरोप आला तो त्यानंतर दोन आठवड्यांनी. आमचा नकार आहे, त्यांना तसं नम्रपणे कळव. मी लिहिलं, त्याला जपानी क्लबने ड्राफ्ट केलं आहे. त्यावर उत्तर आलं, इंटरेस्टिंग, त्यांच्याकडे आपला डेटा नसावा.

पुढच्या सीझनमध्ये तानिमोरी असा खेळला की आमच्या ॲनालिस्ट पोरांनी त्याचे व्हिडिओ बघणं बंद केलं, त्रास होतो म्हणून. वरच्या लोकांनी ट्रेव्हरला विचारलं, हा आपल्या हातून सुटला कसा. ट्रेव्हरने स्लाइड्स केल्या. नाव होतं 'लेसन्स लर्न्ड'. पहिलाच लेसन होता, भाषांतराच्या टप्प्यावर कम्युनिकेशन गॅप. तो टप्पा म्हणजे मी. मी त्या मीटिंगमध्ये नव्हते. मेगन होती. तिने माझा ऑगस्टचा ईमेल सगळ्यांसमोर उघडला, एवढंच तिने मला नंतर सांगितलं.

त्याच सुमारास अमेयचा फोन आला. ताई, तुमचा पर्याय आला एकदाचा. मी सॉफ्टवेअर उघडून बघितलं. ट्रेड, रिलीज आणि लोन. तानिमोरीचं नाव उघडलं, दोन्ही ठिकाणी लोन निवडलं. लाल खूण गेली, हिरवी आली, आणि खाली वाक्य उमटलं, ताबडतोब संपर्क साधावा. आता त्याला आणायचं तर त्याच्या जपानी क्लबने मन मोठं करून सोडायला हवं, आणि तसं व्हायला अजून बरीच वर्षं आहेत. अमेयला मी शाबासकी दिली. ग्रीन कार्डचं मी विचारलं नाही.

सीझन संपता संपता ट्रेव्हर गेला. त्याला काढलं. ऑफिसात सगळ्यांना ईमेल आला तो मात्र, नव्या संधीच्या शोधात, वगैरे. चौथी जर्सी फ्रेम करून दिली, मेगन म्हणाली. काही महिन्यांत तो पाचव्या क्लबात लागला. ह्या धंद्यात बॉस लोकांना जागा मिळते, कारण त्यांच्या नावापुढे लाल खूण येण्याची सोय कुणी केलेली नाही. त्याच्या केबिनमध्ये आता मेगन बसते. भिंत मोकळी आहे.

गेल्या वसंतात मेगनने मला बोलावलं. तानिमोरीच्या जुन्या कंपनीत आणखी एक पिचर होता, तिला त्याच्याविषयी विचारायचं होतं. कॉल जोडला. तीच मीटिंग रूम, तेच कांतोकु, पाठ तशीच ताठ. मेगनने जपानी रीतीप्रमाणे आधी वाकून नमस्कार केला. शिकून आली होती. कांतोकुंनी तिच्या मागच्या मोकळ्या भिंतीकडे बघितलं आणि विचारलं, "ट्रेव्हर-सान दिसत नाहीत?"

 मेगन म्हणाली की ते आता दुसऱ्या क्लबमध्ये असतात.

मी ते जपानीत सांगितलं. कांतोकुंचा चेहरा उजळला. "म्हणजे पुन्हा मागणी आली," ते म्हणाले. "मी त्या दिवशीच ओळखलं होतं, मोठा माणूस आहे."

ते मनापासून बोलत होते की नव्हते, हे मला आजही सांगता येणार नाही. इंटरप्रिटरचं ते कामही नाही. मी ते वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. मेगनने माफी मागितली आणि ती पाणी प्यायला बाहेर गेली. ती परत येईपर्यंत कांतोकु आणि मी एकमेकांसमोर बसून होतो, दोघंही गंभीर.

एवढ्या वर्षांत मी शिकले ते इतकंच. माणूस जागा बदलताना दिसला, तर त्याला ढकललंय की बोलावलंय हे त्याच्या मूळ घरी विचारून घ्यावं. विचारायला भाषा येत नसेल तर आमची एजन्सी तासावर माणूस पाठवते. उत्तर ऐकायचं मात्र ज्याचं त्याला.